ओसाकाकरांनी लावलेला नाद

चाकणच्या कारखान्यात मी दुभाषी म्हणून लागले, तेव्हा ओसाकाहून आलेल्या एका अभियंत्यांनी मला कामाबाहेरचा जो पहिला प्रश्न विचारला तो ताजमहालाबद्दल नव्हता, योगाबद्दल नव्हता आणि कँटीनच्या तिखटाबद्दलही नव्हता. “तू भारतातली, म्हणजे टायगर जीत सिंग तुला माहीत असणारच,” असं ते म्हणाले. हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग स्टीलचा चमचा दातांत आडवा धरून, डोळे गरागरा फिरवत त्यांनी तो सिंग कोण ते करूनच दाखवलं. डोक्यावर फेटा, दातांत तलवार. शेजारच्या टेबलावरची मेंटेनन्सची पोरं जेवायची थांबली.

पंजाबातून कॅनडात गेलेला हा मल्ल १९७३ मध्ये जपानी रिंगमध्ये उतरला आणि बघता बघता तिथला पहिल्या क्रमांकाचा खलनायक झाला. अंतोनिओ इनोकी हा तेव्हाचा लाडका मल्ल. त्या नोव्हेंबरात टोकियोच्या शिंजुकू भागात, इसेतान या मोठ्या दुकानापाशी इनोकी पत्नीबरोबर खरेदीला आलेला असताना सिंगने भर रस्त्यात त्याच्यावर हल्ला चढवला. लोक घाबरले, पोलीस आले. ओसाकाकर तेव्हा शाळेत होते. (त्यांचं खरं नाव इथे नको. मनातल्या मनात मी त्यांना ओसाकाकर म्हणायचे, तेच पुढे चालवते.) भारतातले लोक तलवार घेऊनच बाजारहाट करतात असा त्यांचा बरेच दिवस समज होता म्हणे.

मला रेसलिंग अगदीच परकं नव्हतं. नव्वदीतल्या बहुतेक घरांत असायचे तसे आमच्याकडेही ट्रम्प कार्ड होते. दादाबरोबर उंची, वजन, छाती, दंड ओरडत मी ते झिजवले होते. पण मोठी होता होता ते सुटलं. शिवाय माझं आजोळ कोल्हापूरचं. मामा तरुणपणी तालमीत होता, तांबड्या मातीत लोळलेला, खासबागेत हलगीच्या तालावर लढलेला. टीव्हीवरची कुस्ती त्याच्या लेखी नुरा, म्हणजे आपसांत ठरवून केलेली. त्याने एकदा एखाद्याला नुरा म्हटलं की त्या माणसाचा विषय संपला.

त्यामुळे २०१७ च्या सुरुवातीला ओसाकाकरांनी मला काझुचिका ओकादा विरुद्ध केनी ओमेगा हा सामना बघायला सांगितला, तो मी जपानी ऐकायचा सराव म्हणून बघायला घेतला. ४ जानेवारी, टोकियो डोम. न्यू जपान प्रो-रेसलिंग ही इनोकीने १९७२ मध्ये काढलेली कंपनी. १९९२ पासून दर वर्षी याच तारखेला, याच स्टेडियममध्ये तिचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम होतो. त्या वर्षीचा तो शेवटचा सामना ४६ मिनिटांहून जास्त चालला. डेव्ह मेल्टझर हा अमेरिकी समीक्षक सामन्यांना पाचपैकी तारे देतो, त्याने याला सहा दिले. नवीन माणसाला आजही सगळे पहिला हाच सामना दाखवतात. मी म्हणते, दाखवू नये. पहिल्या वीस मिनिटांत मला दोनदा जांभई आली. ओमेगा दोरावरून उलटा होऊन बाहेरच्या टेबलावर कोसळला तेव्हा मी सरसावून बसले, शेवटची दहा मिनिटं तर पापणी लवली नाही, आणि संपल्यावर लॅपटॉप मिटून शांत झोपले. भव्य होतं सगळं. पण कोण जिंकलं याचं मला काहीच सोयरसुतक नव्हतं. ती दोन माणसं माझी कुणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर ओसाकाकरांना राग आला नाही. म्हणाले, “आधी एक माणूस धर. मग तो जाईल तिथे जा.”

माणूस धरायचा तर जुलै-ऑगस्टसारखा काळ नाही. त्या दिवसांत जी-वन क्लायमॅक्स नावाची लीग चालते, १९९१ पासून. २०१७ मध्ये तिच्यात वीस मल्ल होते, दहा-दहाचे दोन गट. प्रत्येकाने आपल्या गटातल्या इतर नऊ जणांशी लढायचं, जिंकल्यास दोन गुण, बरोबरीला एक. १७ जुलैला साप्पोरोला सुरुवात, मग गावोगाव फिरत १३ ऑगस्टला टोकियोत, र्योगोकुच्या सुमोच्या सभागृहात अंतिम सामना. कंपनीची स्वतःची ऑनलाइन सेवा डिसेंबर २०१४ पासून आहे; तेव्हा महिन्याला ९९९ येन पडायचे, आपले सहाशेच्या आसपास. हिशेब तेव्हा कॅलेंडरच्या महिन्याचा होता, म्हणून ती एक तारखेला घेतलेली बरी असायची. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डावरून आपोआप जाणाऱ्या पैशांचे नियम बदलले, तेव्हा भारतातल्या अनेकांच्या अशा परदेशी वर्गण्या अडकल्या. माझीही अडकली. त्याची रडकथा सांगत नाही.

वेळेचं मात्र सांगितलं पाहिजे. जपान आपल्यापुढे साडेतीन तास. आठवड्यातल्या दिवशी तिथे संध्याकाळी साडेसहाला पहिली घंटा वाजते, म्हणजे इथे दुपारचे तीन, ऐन कामाची वेळ. घरी जाऊन बघेपर्यंत निकाल कानावर पडू नये म्हणून फोनकडे बघायचं नाही हे एक पथ्य झालं. ओसाकाकर तर जेवणाच्या सुट्टीनंतर माझ्याशी फक्त वेल्डिंगबद्दल बोलायचे. रविवारचे कार्यक्रम मात्र आपल्याकडे दुपारी दीडच्या सुमाराला सुरू होतात: पानावरून उठावं, हात धुवावेत आणि बसावं. अमेरिकी रेसलिंगसाठी भल्या पहाटे गजर लावणाऱ्या माझ्या भावाला या एका गोष्टीचा अजून हेवा वाटतो.

मी वही आखली. वीस नावं, प्रत्येकापुढे नऊ चौकोन. सुरुवातीला केस आणि चड्डीचा रंग यांवरून माणसं ओळखत होते. आठवडाभरात लक्षात आलं की सामने सुटे नाहीत. परवा गुडघ्यावर पडलेला आज पायऱ्या चढताना लंगडतोय, आणि आजचा प्रतिस्पर्धी पहिल्या मिनिटापासून त्याच गुडघ्यामागे आहे. ४९ वर्षांच्या युजी नागाताने ही आपली शेवटची लीग म्हणून आधीच जाहीर केलं होतं. तो जवळजवळ प्रत्येक गावात हरत होता आणि प्रत्येक गावातले लोक त्याला उभं राहून निरोप देत होते. रिंगबाहेर गेलं की रेफरी वीसपर्यंत आकडे मोजतो. अमेरिकेत दहापर्यंतच मोजतात. ते जादा दहा आकडे म्हणजे काय चीज आहे! सोळा, सतरा होईपर्यंत खाली पडलेला हलत नाही, अठराला कठडा धरून उठतो, एकोणीसला धावतो. हे दर वेळी होणार हे ठाऊक असून दर वेळी मी पुढे झुकते.

माणूसही याच लीगमध्ये सापडला. तेत्सुया नाइतो. बाकीचे धावत, गर्जत येतात. हा पांढराशुभ्र सूट घालून, घरी परतल्यासारखा रमतगमत येतो. मग रिंगमध्ये उभं राहून एकेक कपडा इतक्या सावकाश उतरवतो की प्रतिस्पर्धी वैतागतो, रेफरी वैतागतो, मीही वैतागले. विचारलं की एकच स्पॅनिश शब्द: त्रांकिलो. जरा दमानं. विजेतेपदाचा, कमरेला बांधायचा पट्टा मिळाला तर तो हवेत फेकून द्यायचा, डोळ्याची पापणी बोटांनी ताणून कॅमेऱ्याकडे बघायचं. एवढा उर्मटपणा, आणि तरी सभागृह त्याच्या नावाने दुमदुमत होतं. हे कसं काय, ते मला समजेना. तो अंतिम सामन्यात पोचला, ओमेगाला हरवून लीग जिंकला, आणि मी आमच्या गच्चीवर एकटीच टाळ्या वाजवल्या.

“का आवडतो विचारतेस?” ओसाकाकर म्हणाले. “आम्हीच त्याला असा केला.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. नाइतो लहानपणापासून याच कंपनीचा भक्त. इथेच मोठा मल्ल व्हायचं हे त्याचं स्वप्न. २०१३ ची लीग तो जिंकला. जो लीग जिंकेल त्याला तेव्हा ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये शेवटचा, सर्वांत मानाचा सामना मिळायचा. पण तेव्हाचा नाइतो हसतमुख, चुणचुणीत, कंपनीने पुढे केलेला गुणी मुलगा, आणि लोकांना तो काही केल्या पटेना. कंपनीने मतदान घेतलं: शेवटचा सामना कुठला हवा? लोकांनी शिन्सुके नाकामुरा आणि हिरोशी तानाहाशी यांच्या, खरं तर दुय्यम पट्ट्याच्या सामन्याला कौल दिला. नाइतो आणि ओकादा यांचा मुख्य पट्ट्याचा सामना त्याच्या आधी उरकला गेला. महिनाभराने, ११ फेब्रुवारी २०१४ ला ओसाकात नाइतो तोमोहिरो इशिईकडून हरला. तेव्हा अख्खं सभागृह त्याच्यावर ओरडत होतं. “मीही ओरडलो,” ओसाकाकर म्हणाले. “तिकीट काढून ओरडलो.” २०१५ मध्ये नाइतो मेक्सिकोला गेला, तिथल्या लॉस इन्गोबेर्नाब्लेस या बेदरकार टोळीत शिरला आणि हा आत्ताचा नाइतो होऊन परतला. तुम्हाला मी नको होतो ना, मग मलाही तुमची गरज नाही. त्याच क्षणापासून लोकांना तो हवासा झाला.

या गोष्टीने माझं रेसलिंगकडे बघणं बदललं. निकाल आधी ठरतो, हे सगळ्यांना माहीत असतं, जपानमध्येही असतं. पण टोकियोतल्या कचेरीत बसून कोणी कितीही ठरवलं तरी लोकांनी नाइतोला नाकारायचं हे तिथे ठरलेलं नव्हतं. ते ओसाकाकरांसारख्यांनी घसा फोडून ठरवलं आणि मग पुढची दहा वर्षं कंपनी त्याचीच गोष्ट सांगत राहिली. मामाच्या नुरेत हे नव्हतं. तिथे प्रेक्षक फसवला जातो. इथे प्रेक्षक कटात सामील असतो आणि मधूनच उलटतो.

मामाला पटवायचं मी मनावर घेतलं होतं. दिवाळीत कोल्हापूरला गेल्यावर त्याच्यापुढे लॅपटॉप ठेवला. ओकादा नाही, ओमेगा नाही. ४ ऑगस्ट २०१३, ओसाका, इशिई विरुद्ध कात्सुयोरी शिबाता. इशिई जेमतेम १७० सेंटिमीटरचा, मानच नसल्यासारखा ठोकळा. शिबाता काळ्या चड्डीतला, गंभीर, लाथा घालणारा. हा सामना बारा-तेरा मिनिटांचा आहे आणि त्यात नाटकीपणा जवळपास नाही. दोघं आळीपाळीने एकमेकांपुढे मांडी घालून बसतात आणि समोरच्याला म्हणतात, मार. मामाने आधी तोंड वाकडं केलं. मग चहा थंड झाला. मग म्हणाला, “अगं, हे खरंच मारतायत की!” मी म्हटलं, “हो मामा.” तो म्हणाला, “मग ठरवून कशाला मारतात, येड्यासारखं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही.

त्याला खरं आवडलं ते वेगळंच. कार्यक्रमाचा पहिला सामना नव्या पोरांचा असतो. त्यांना यंग लायन म्हणतात. साधी काळी चड्डी, काळे बूट. रंगीत पोशाख नाही, टोपणनाव नाही, उंच उड्या नाहीत. पकड, खांद्यावरून फेक, पाय मुडपून पाठ मोडायचा डाव, बस. ही पोरं टोकियोतल्या नोगे इथल्या आखाड्यात राहतात, झाडलोट करतात, मोठ्यांसाठी रांधतात, त्यांच्या बॅगा उचलतात, आणि काही वर्षांनी परदेशात धाडली जातात ती नवं रूप घेऊन परततात. “म्हणजे तालीमच की,” मामा म्हणाला. मग मी त्याला सांगितलं की त्या आखाड्यात पहिल्या दिवसापासून शेकड्यांनी काढायला लावतात त्या आपल्या बैठका. नावही हिंदू स्क्वॉट असंच आहे. बेल्जियममध्ये जन्मलेला कार्ल गॉच हा इनोकी आणि त्याच्या शिष्यांचा गुरू. जपानी लोक त्याला रेसलिंगचा देव म्हणतात, आणि त्याच्या व्यायामाचा कणाच मुळी दंड-बैठका. मामा यावर बराच वेळ खूश होता. रात्री जेवताना त्याने मामीला हे दोनदा सांगितलं.

शिबाताचं पुढे काय झालं ते मात्र त्या दिवशी सांगायचं जिवावर आलं. ९ एप्रिल २०१७ ला र्योगोकुत ओकादाशी लढताना त्याने आपलं कपाळ ओकादाच्या कपाळावर असं आपटलं की तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. कपाळातून रक्ताची रेघ आली. सामना हरून तो आत गेला आणि कोसळला. मेंदूजवळ रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया होऊन वाचला, पण ऐन भरातली कारकीर्द तिथे थांबली. मी मागे जात जुने सामने बघायला लागले तेव्हा हे पुन्हा पुन्हा समोर आलं. नव्वदच्या दशकातली ऑल जपान ही जायंट बाबाची कंपनी, तिचे मित्सुहारू मिसावा, तोशिआकी कावादा, केंता कोबाशी, अकिरा ताउए. ३ जून १९९४ चा मिसावा-कावादा सामना मी पाहिलेल्यांत सर्वोत्तम आहे, असं मी कुणाशीही भांडून सांगेन. पण मिसावा जितक्या वेळा मानेवर पडतो तितक्या वेळा मला १३ जून २००९ आठवतं. हिरोशिमात जोड्यांच्या एका सामन्यात तो पाठीवर फेकला गेला आणि उठला नाही. ४६ वर्षांचा होता. हे कळल्यावर बघणं सोडणारे लोक आहेत. त्यांना मी चुकीचं म्हणत नाही. मी सोडलं नाही, फक्त मानेवर टाकायचे डाव आले की आता टाळी वाजवत नाही.

इतिहास खूप मोठा आहे आणि नवशिक्याने त्यात लगेच उडी घेऊ नये, असं ओसाकाकरांचं म्हणणं. तरी एक गोष्ट त्यांनीच सांगितली. १९५४ मध्ये अमेरिकेहून शार्प बंधू आले आणि रिकिदोझान हा जुना सुमो मल्ल मासाहिको किमुरा या ज्युडोपटूला जोडीला घेऊन त्यांच्याशी लढला. घरोघरी टीव्ही नव्हते. टोकियोत शिंबाशी स्टेशनबाहेर चौकात लावलेल्या टीव्हीपुढे माणसांचा समुद्र लोटला. युद्ध हरून दशक झालं नव्हतं, आणि एक जपानी गोऱ्यांना हातांच्या फटक्यांनी लोळवत होता. हा जपानचा वीर जन्माने कोरियन होता आणि ते त्याने जन्मभर लोकांपासून लपवून ठेवलं. १९६३ च्या डिसेंबरात एका नाइटक्लबात त्याला भोसकलं, आठवड्याने तो गेला. इनोकी आणि बाबा हे दोघंही त्याचेच चेले.

बायकांच्या रेसलिंगकडे मी उशिरा वळले आणि आता निम्मा वेळ तिथेच जातो. स्टारडम ही कंपनी २०१० मध्ये स्थापन झाली, २०१९ पासून न्यू जपानच्याच मालकांकडे आहे. तिथल्या मुली वेगाने लढतात, जिवावर उदार होऊन लढतात, आणि सामन्याआधी नाचतातही. ओसाकाकरांच्या पत्नीशी मी पहिल्यांदा फोनवर बोलले ते या विषयावर. त्या शाळेत असताना क्रश गॅल्स या जोडीच्या, चिगुसा नागायो आणि लायनेस आसुकाच्या, वेड्या चाहत्या होत्या. तेव्हा सभागृहं शाळकरी मुलींनीच भरायची. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाका-जो हॉलमध्ये चिगुसा आणि डम्प मात्सुमोतो यांच्यात केस पणाला लावून सामना झाला. चिगुसा हरली, रिंगमध्ये तिचं मुंडण झालं, आणि हजारो मुली ओक्साबोक्शी रडल्या. त्यात त्याही होत्या. नवरा आपल्याला रेसलिंग शिकवतो असं भासवतो, पण त्याला त्यातलं निम्मंच कळतं, असं त्या मला म्हणाल्या.

प्रेक्षकांच्या ताकदीबद्दल मी वर कौतुकाने लिहिलं. तिची दुसरी बाजूही स्टारडमनेच दाखवली. हाना किमुरा ही तिथली बावीस वर्षांची मल्ल. टीव्हीवरच्या एका रिअॅलिटी कार्यक्रमातल्या प्रसंगावरून समाजमाध्यमांत तिच्यावर दिवसरात्र घाण ओतली गेली, आणि २३ मे २०२० ला तिने जीव दिला. तिची आई क्योको, तीही मल्लच, नंतर कायद्यासाठी लढत राहिली; २०२२ मध्ये जपानने अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवून वर्षभराच्या कैदेपर्यंत नेली. रिंगमधल्या खलनायिकेवर ओरडायचं आणि घंटा वाजली की थांबायचं, हे सभागृहातल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. फोन हातात असलेल्याला घंटा ऐकू येत नाही.

त्याच वर्षी करोनामुळे सभागृहं आधी बंद पडली आणि मग उघडली ती अटींवर: निम्म्या खुर्च्या रिकाम्या, तोंडाला मास्क, ओरडायचं नाही, फक्त टाळ्या. मी घरूनच काम करत होते, त्यामुळे दुपारी तीनचे कार्यक्रम पहिल्यांदाच वेळेवर बघता आले, आणि नेमके तेच फिके. खलनायकाने दगा दिला तरी टाळ्या, नायक उठला तरी टाळ्या. त्याच २०२० च्या जानेवारीत, ५ तारखेच्या रविवारी नाइतोने डोममध्ये ओकादाला हरवून दोन्ही पट्टे मिळवले होते. सहा वर्षांपूर्वी हुकलेला तो शेवटचा सामना त्याला २०१८ मध्ये मिळाला होता, पण तेव्हा तो ओकादाकडून हरला होता. या वेळी तो जिंकला, आणि आपल्या टोळीतल्या एकेकाचं नाव पुकारून डोमबरोबर घोषणा देणार, तेवढ्यात केंता नावाच्या मल्लाने मागून येऊन त्याला झोडपला आणि वर चढून बसला. घोषणा राहिली. म्हटलं, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी लोकांना तोंड उघडायची परवानगीच नव्हती.

मधल्या काळात डीडीटी बघितलं नसतं तर मी कंटाळले असते. डीडीटी ही १९९७ पासूनची विनोदी डोक्याची कंपनी. तिचा एक पट्टा असा की दिवसरात्र कधीही, कुठेही, कुणीही पट्टेवाल्याला चीत करून तो जिंकू शकतो. आजवर शिडीनेही जिंकलाय, मांजरानेही. योशिहिको हा तिथला मल्ल म्हणजे हवा भरलेला बाहुला आहे, आणि त्याच्याशी कोता इबुशी हा मल्ल ज्या गांभीर्याने लढला ते बघून मी खुर्चीवरून पडायची राहिले. सांगून कळण्यातलं नाही. बघा.

सभागृहांत आवाज परतल्यावर आमच्या कारखान्याने मला जपानला प्रशिक्षणाला पाठवलं. एका सुट्टीत मी टोकियोत निशी-कासाईला मैत्रिणीकडे गेले. तिथे आपली इतकी माणसं आहेत की स्टेशनबाहेर मराठी कानावर पडतं. संध्याकाळी तोझाई लाइनने इइदाबाशी, तिथून गाडी बदलून जेआर रेल्वेने एक स्टेशन, सुइदोबाशी. टोकियो डोमला लागूनच १९६२ पासूनचा कोराकुएन हॉल आहे, पाचव्या मजल्यावर. वर जाणाऱ्या जिन्याच्या भिंती लोकांनी लिहून भरवलेल्या. पन्नास-साठ वर्षांतली जपानमधली जवळजवळ प्रत्येक कुस्ती-कंपनी इथे खेळलीय, आणि जागा जेमतेम दोन हजारांची.

पहिली गोष्ट कळली ती आवाजाची. छातीवर मारलेल्या उघड्या हाताचा आवाज लॅपटॉपमधून येतो तो खोटा आहे. इथे तो आपल्याच बरगड्यांत वाजतो. दुसरी गोष्ट शांततेची. पकडीचा, जमिनीवरचा भाग चालू असताना कोणी कुजबुजतही नाही, मग कोपऱ्यातून एकटाच कोणीतरी मल्लाचं नाव मोठ्यांदा हाकारतो, आणि सगळे हसतात. शेवट जवळ आला की लोक पायांनी जमीन बडवू लागतात, ती थरथर खुर्चीतून पाठीत चढते. मारामारी रिंगबाहेर आली, तसे यंग लायन धावत येऊन “अबुनाई, अबुनाई!” म्हणजे सांभाळा, सांभाळा करत आमच्या रांगेला मागे सारू लागले. त्यातला एक जेमतेम विशीचा पोरगा माझी पर्स उचलून, कमरेत वाकून माझ्या हातात देऊन गेला, आणि त्याच्या मागे चार फुटांवर एक माणूस दुसऱ्याला खुर्च्यांवर फेकत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये स्टारडम. शेजारच्या बाईंनी मला कागदी फितीचं भेंडोळं दिलं. आतली नळी कुणाला लागू नये म्हणून ती काढून फीत पुन्हा गुंडाळलेली होती. टोक बोटांत घट्ट धरायचं आणि नाव पुकारलं की उंच फेकायचं, हे त्यांनी दाखवलं. माझी फीत रिंगच्या दोरापर्यंतही पोचली नाही. बाकीच्या शंभरेक पोचल्या, रिंग क्षणभर निळी होऊन गेली, आणि दुसऱ्या मिनिटाला पोरींनी सगळं गोळा करून नेलं.

४ जानेवारी २०२४ ला नाइतोने डोममध्ये तेव्हाचा पट्टेवाला सानादा याला हरवलं. पुन्हा एक जण मध्ये आला. आता हेही जाणार म्हणून मी कपाळावर हात मारला, तर खुद्द सानादाच धावून आला आणि त्याने त्या माणसाला पळवून लावलं. मग नाइतोने माइक घेतला, आपल्या टोळीतलं एकेक नाव पुकारलं, आणि डोममधल्या लोकांनी त्याच्याबरोबर शेवटची आरोळी ठोकली. दहा वर्षांपूर्वी यांनीच त्याला मतदान करून खाली उतरवलं होतं. ओसाकाकर आता निवृत्त होऊन घरी असतात. ‘लाइन’ या मेसेजिंग अॅपवर त्यांचा निरोप आला, त्यात नुसते रडणारे चेहरे होते. २०२५ मध्ये नाइतो न्यू जपान सोडून गेला. ओकादा आदल्या वर्षीच अमेरिकेला गेला होता. मी धरलेला माणूस गेला तर आता काय, असं मला वाटून गेलं.

पण २०२५ च्याच जानेवारीत डोमचा शेवटचा सामना झॅक सेबर ज्युनियर आणि शोता उमिनो यांच्यात होता. उमिनो उंच, देखणा, कंपनीने पुढे केलेला, यंग लायन म्हणून मी स्वतः काळ्या चड्डीत पाहिलेला. आणि बऱ्याच प्रेक्षकांना तो पटत नाही. त्यांनी हे लपवलंही नाही. हे चित्र मी फक्त ऐकलं होतं, आता बघायला मिळतंय. उमिनो त्या रात्री हरला. मी त्याच्या बाजूची आहे. ओसाकाकर म्हणतात, त्याला अजून मेक्सिको घडायचाय. त्यांच्या पत्नी म्हणतात, हे दोघेही सोडा आणि स्टारडम बघा. मामाला मी उमिनोचा एक सामना दाखवला आणि कौतुकाने सांगितलं की हा ज्या रेड शूज उन्नो नावाच्या प्रसिद्ध रेफरीचा मुलगा आहे, तो याच कंपनीत पंच म्हणून उभा राहतो.

मामा चमकला. “बाप पंच,” तो म्हणाला, “आणि पोरगं हरतंय? मग ही नुरा कसली गं?”